महामहिम बारक्यास

दि. २ मार्च

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम वगैरे काही नाही.

पाकिटावर 'महामहिम राजदूत' असं ठसठशीत लिहिलंय, ते बघून हुरळून जाऊ नकोस. नाहीतर हे पत्र तुझ्या टेबलापर्यंत आलंच नसतं. फोनही चारदा केला. तुझा सचिव म्हणाला, "महामहिम बैठकीत आहेत." अरे, मी त्याची थोरली बहीण बोलतेय म्हटलं, तर म्हणे, "लेखी कळवा." म्हणून आमच्या परराष्ट्र खात्यातून वकिलातींना जाणाऱ्या टपाल थैलीत घुसडतेय. नियमात बसत नाही, पण बसलं नाही तर बसलं नाही.

बाबांच्या घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल. बत्तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारलेला माणूस तो. त्यांचा एकच हट्ट, आधी बारक्याशी बोलतो, मग काय कापायचं ते कापा.

मी कळवते म्हटलं तर माझ्यावरच उखडले. "माझ्या पोराला मी लिहीन. तू मध्ये पडू नकोस." तीन पत्रं लिहिली आणि स्वतः पेटीत टाकून आले. तिन्ही वेळा तुझ्याकडून छापील कार्ड आलं. 'आपले निवेदन मिळाले. ते योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे.'

बाबांना वाटलं, तू वाचलंस आणि काहीतरी सोय करतोयस. त्या योग्य विभागाचा माणूस येईल म्हणून त्यांनी ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. डॉक्टर माझ्यावर खेकसले, मला या कार्डांचा पत्ताच नव्हता. परवा उशीखालून कार्डं काढून मला दाखवली, तीही कौतुकानं. मी विचारलं, पाकिटावर काय लिहिलं होतंत? म्हणाले, "चिरंजीव बारक्या, राजदूत कचेरी. आणखी काय लिहायचं असतं गं?"

पत्रं कुठे अडली ते मला तिथंच कळलं. कारण असली पाकिटं अडवणारं परिपत्रक माझं आहे. सहा वर्षांपूर्वी कुणा राजदूताला साध्या 'श्री.'चा राग आला, आणि आमच्या शिष्टाचार कक्षात मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. पद आणि 'महामहिम' नसलेली पाकिटं सर्वसाधारण अर्जांत टाकावीत, छापील पोच द्यावी. साहेबांनी एक शब्द बदलला नाही म्हणून आठवडाभर मिरवत होते मी. दिवसभर लोकांना शिकवते, राजदूताला पत्रात काय म्हणावं, जेवताना काय म्हणावं, त्याच्या बायकोला काय म्हणावं. बापानं काय म्हणावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

पण कार्डावरची सही तुझी आहे. बोट ओलं करून फिरवलं, शाई पसरली. छापील नाही ती. वर बाबांचं पूर्ण नाव टाइप केलंय, तुझंच आडनाव. तीनदा त्या नावाखाली सही ठोकलीस आणि बापाचं नाव वाचलं नाहीस. नियम माझा असेल, डोळे तर तुझेच होते ना? लाज वाटते का रे थोडी? मला वाटते. माझी वाटते आणि तुझीही वाटते.

ऑपरेशन १९ तारखेला सकाळी आठला आहे. डॉक्टर आता तारीख बदलणार नाहीत, आणि मीही बदलू देणार नाही. परिषद आहे, शिष्टमंडळ येतंय, यातलं एक अक्षर मला कळवू नकोस. अठराच्या आत ये.

कालपासून बाबा आमच्याशी बोलत नाहीत. काही विचारलं तर मान हलवतात, पाणी हवं असलं की वाटी वाजवतात. उरलाय तेवढा आवाज तुझ्यासाठी ठेवलाय.

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
ताई