पन्नासची गुणगुण

ता. ३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, आणि रागावू नकोस म्हणून एक जास्तीचा.

वाचनालयाच्या बाईंनी महिनाअखेरीला दालन देऊ केलंय. माझी गाणी, माझ्याच तोंडून, एकोणीस वर्षांनी. होकार वीस तारखेच्या आत कळवायचा आहे. गेल्या खेपेला नावाड्याच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याला आवाज फाटला आणि मी नमस्कारही न करता उतरले. तुला आठवणार नाही. तू पाच वर्षांची, पहिल्या रांगेत गाढ झोपली होतीस.

आता गिऱ्हाइकं यायच्या आधी रोज दोन तास शिवणयंत्रासमोर बसून गाते. दादाने त्या कार्यक्रमाआधी घरी भरलेली कॅसेट लावायची आणि तिच्याबरोबर म्हणायचं. त्याचा टेप कायमचा झोपला, म्हणून शेजारच्या मास्तरांचा आणलाय. वीस दिवस झाले, तो वरचा सूर हाती लागत नाही. मास्तर म्हणाले, ताई, हट्ट सोडा, वय कुणाला चुकलंय? त्यांची पॅंट मी तेव्हापासून उद्यावर ढकलतेय.

कॅसेटमधल्या बाईची बरोबरी झाली तरच होकार. लोकांपुढे दुसऱ्यांदा फाटायचं नाही. कॅसेट पाठवते आहे. मागच्या बाजूला परवाचा सराव भरलाय. जुने आवाज नीट करणं हेच तुझं काम, तेव्हा सांग, तिच्यात काय होतं जे माझ्यात नाही. गोड बोलू नकोस. तुला ते जमतही नाही.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी आत्या

ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली. तीनदा ऐकली, दोनदा मोजली.

गाण्याखाली एक बारीक गुणगुण आहे. ती विजेची. आपल्या तारांमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते आणि भरताना यंत्रात शिरते. तुझ्या गाण्याखाली ती त्रेपन्न भरली. वीज चुकलेली नाही, फिरण्याचा वेग चुकला आहे. बाबांचा टेप मंद फिरायचा. त्याच्यावरच भरलं, त्याच्यावरच ऐकलं, म्हणून कुणाला कळलं नाही. मास्तरांचा टेप नीट फिरतो, त्यामुळे तुझा आवाज अर्धा सूर वर चढतो. कॅसेटमधली बाई पेटीच्या काळी तीन पट्टीत गाते. तू गायली होतीस पांढरी चारमध्ये. वीस दिवस जिच्याशी भांडलीस, ती बाई कधी नव्हतीच.

दुसरी गोष्टही लिहिते. मागच्या बाजूच्या सरावात तुझा गळा मोकळा होतो तो काळी दोनवर. म्हणजे तुझ्या खऱ्या पट्टीच्याही एक अख्खा सूर खाली. तो टेपचा दोष नाही. ती एकोणीस वर्षं आहेत.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, माझ्या टेपला नावं ठेवायची नाहीत.

काय करावंस ते तू विचारलेलं नाहीस, म्हणून लिहीत नाही. घशाला दोन दिवस विश्रांती दे.

लोभात खंड नसावा.
तुझी भाची

ता. १५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग स्वतःवरच चिडले.

गिऱ्हाईक जुना कपडा आणून टाकतं आणि म्हणतं, याच मापाचा शिवा. मी ठणकावते की कपडा बाजूला ठेवा, आधी अंगाचं माप घेऊ द्या. इतकी वर्षं जगाला सांगितलं आणि स्वतः काय केलं? जुना कपडा पुढ्यात घेऊन बसले, तोही आटलेला!

काल सगळी गाणी काळी दोनमध्ये बसवली. नावाड्याचं गाणं खाली आलं आणि जड झालं. पूर्वी त्यात नावाडी पोरगेला होता, आता त्याला गुडघे आहेत. एक नवीन कडवंही सुचलंय. होकार कळवून टाकला. फाटलं तर फाटलं, उतरणार नाही. माईक तुझ्या हाताखाली हवा. सबबी चालणार नाहीत.

वाट पाहते, हे आवर्जून लिहिलं आहे.
आत्या

ता. ६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कार्यक्रम संपल्यावर तू माणसांच्या गराड्यात होतीस आणि मी वायरी गुंडाळत होते. बोलायचं राहिलं.

नावाड्याच्या तिसऱ्या कडव्याला आवाज फाटला. तू थांबलीस. चार सेकंद. मोठ्याने खाकरलीस, तीच ओळ पुन्हा धरलीस आणि नव्या कडव्यापर्यंत गेलीस. पहिली टाळी मास्तरांची होती. त्यांची पॅंट आता देऊन टाक.

सोबत कार्यक्रमाची कॅसेट आहे. फाटलेली जागा कापलेली नाही, खाकरणंही नाही. साफ करताना तळची गुणगुण काढून टाकायची असते. ती मी ठेवली आहे, पुढे कधी कुणी ऐकलं तर वेग तपासता यावा म्हणून.

पाठवण्याआधी पुन्हा मोजली. बरोबर पन्नास आहे. हा आवाज तुझाच आहे.

लोभ आहे. माझाही आहे.
तुझी भाची