विहीणबाई, तुमच्या हाताविषयी

विहीणबाईंना थोरल्या विहिणीचा आदराने नमस्कार. (थोरली वयाने. मानाने मुलीची आईच थोरली, हे मी या पत्रापुरतं मान्य करते.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? माझा डावा बरा आहे, उजवा त्याच्याकडे बघून रुसलाय. बाकी जेवण, झोप आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं, तिन्ही व्यवस्थित चालू आहे. पत्र पाहून दचकू नका. फोन तुम्ही उचलत नाही, आणि अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग. तेव्हा बोलते मी आणि लिहिते तुमची लेक. आत्ता ती मान खाली घालून बसलीय, नाक लाल झालंय, आणि "अहो आई, हे कशाला लिहायचं?" असं विचारतेय. (लिही. मी सांगेन ते सगळं लिहायचं. हेसुद्धा.)

तर मूळ मुद्दा. ती गाद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून खोळी शिवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता पुढच्या काउंटरवरची बाई काम सोडून चाललीय. मालक म्हणाले, तुला गादीची आतून-बाहेरून माहिती आहे, जीभही गोड आहे, तूच ये पुढे. फक्त अट अशी, की येणाऱ्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत सांगता आलं पाहिजे, ही गादी त्या गादीपेक्षा चांगली कशी. सोमवारी मालक स्वतः गिऱ्हाईक होऊन समोर उभे राहणार आहेत. जमलं तर हिची पाठ मशीनवर वाकण्यातून सुटेल. नाही जमलं तर आहेच ती खोली आणि नाकात जाणारा तो कापसाचा भुगा.

म्हणून ही संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जायला लागली. तिथल्या मास्तरीणबाई भल्या आहेत, पण त्यांनी अभ्यास असा दिला की घरातल्या घरात तुलना करा आणि मोठ्याने बोला. पहिल्या दिवशी हे पातेलं त्या पातेल्यापेक्षा मोठं झालं, ही बादली त्या बादलीपेक्षा जुनी झाली. इथवर ठीक होतं, पातेल्यांना कुठं राग येतो? मग पातेली संपली आणि हिची नजर माणसांवर गेली. तुमचे जावई कपाटापेक्षा रुंद ठरले. (कपाटाने काही तक्रार केली नाही. जावयांनी मात्र त्या दिवशी जेवण कमी केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई केली.) नंतर माझी पाळी. "सासूबाई या घरातल्या इतर कुठल्याही बाईपेक्षा कडक आहेत." मास्तरीणबाईंनी यावर खूश होऊन बरोबरची खूण केली म्हणे, कारण हिने 'इतर' हा शब्द आठवणीने घातला होता. तो नसता तर घरातल्या बायकांत मीही आलेच असते, आणि मी माझ्यापेक्षाच कडक ठरले असते. मी म्हटलं, इंग्रजी बरोबर असेल गं, पण या घरात बायका दोनच. मग ही इतर बाई कोण? तर ही दूध उतू जातंय का बघायला उठली. गॅसवर दूधच नव्हतं.

मग मीच म्हटलं, माझ्याबद्दल एक तरी बरं वाक्य कर. तिथं सगळा घोटाळा झाला. हिने वाक्य केलं, "सासूबाईंचा हात माझ्या आईपेक्षा मऊ आहे." मास्तरीणबाईंनी काट मारली. म्हणाल्या, एकीकडे हात आणि एकीकडे आख्खी आई, असं चालत नाही, हाताची तुलना हाताशी करा. हिने दुरुस्त केलं, "सासूबाईंचा हात माझ्या आईच्या हातापेक्षा मऊ आहे." विहीणबाई, चुकलं होतं तेव्हाच बरं होतं हो! तुमचा हात त्यातून वाचला होता. पण वाक्य बरोबर आलं या आनंदात हिने ते तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं, तुम्ही अर्थ विचारलात, आणि ही पोरगी इतकी सरळ की तिने तो सांगितला. तुम्ही "बरं आहे" म्हणालात आणि फोन ठेवलात. त्यानंतर इकडून फोन वाजतोय आणि तिकडे कोणी घरीच नसतं.

आता माझा हात मऊ का, तेही ऐका. तुमची लेक मला बादली उचलू देत नाही, भांड्याला हात लावू देत नाही. रिकामा हात मऊच राहणार, त्यात माझं कर्तृत्व काय? तुमचा हात जन्मभर दोर वळत आलाय, आणि त्याच दोरावर ही वाढली. परवा मी दुकानात गेले होते. (गादी घ्यायला नाही, बसून बघायला. तिथं बसायला फार छान आहे.) नवं कापड आलं होतं आणि ही ते उलट्या हाताने चाचपून बघत होती. मी म्हटलं, "तळहात चांगला मऊ आहे की तुझा, उलटा कशाला फिरवतेस?" तर म्हणाली, "आई असंच बघते. तिच्या तळव्याला कापड अडकतं ना. माझ्या गालावरूनसुद्धा उलटाच हात फिरवायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असाच फिरवतात."

(इथे शाई पसरली असेल तर माझा पाण्याचा पेला लवंडला असं समजा. पेला तिकडे स्वयंपाकघरात आहे, पण समजा.)

तर मी काही मागत नाही. हकिगत कळवायची होती, कळवली. गुडघ्याला जपा. खाली वेडंवाकडं वर्तुळ दिसतंय ती माझी सही. यावेळी बरंच गोल आलंय.

ता. क. तुमची लेक म्हणते, "अहो आई, आता पुरे." पुरे. मी कडक असले तरी ऐकते.

आणखी एक ता. क. अक्षर बदललेलं दिसेल, कारण ती कामावर गेलीय आणि हे तुमच्या जावयांकडून लिहून घेतेय. खरी गोष्ट इथे आहे. तुम्ही फोन ठेवल्यापासून तिच्या तोंडून 'पेक्षा' निघत नाही, इंग्रजीतही नाही आणि आपल्या भाषेतही नाही. जावयांनी दोन उशा पुढे धरून विचारलं, हिच्यात आणि तिच्यात चांगली कुठली? तर म्हणाली, दोन्ही चांगल्या. असं म्हणून कोणी गादी विकेल का? आता तर सोमवारी जायचंच नाही म्हणतेय. काल घरी शिवताना सुई बोटात गेली. मी पट्टी घेऊन धावले. (धावले म्हणजे माझ्या मानाने.) तर मला बघून म्हणाली, "अहो आई, काही नाही झालं." मला ती रोज 'अहो आई' म्हणते आणि मनापासून म्हणते. पण सुई टोचली तेव्हा तोंडातून आलं होतं ते 'आई गं'. ती हाक माझी नव्हती, विहीणबाई. वाटेत मला सापडली, म्हणून मी ठेवून घेतलीय. रविवारी या आणि तुमची तुम्ही घेऊन जा.

झोपायला माझी गादी देते, ती जावयांच्या गादीपेक्षा मऊ आहे. (गादीची गादीशीच केली आहे.) आणि सोमवारी सकाळी ती निघाली की दारात तिच्या गालावरून एकदा हात फिरवा. उलटाच.