खटुमडं कुठून आलं?

१३ जानेवारी

काय बाई हा डॉक्टर! मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, स्मरणशक्ती तपासायला एकेक चित्र दाखवत होता. छत्री, कंगवा — ओळखले. स्टेथोस्कोप दाखवला, मामा म्हणाले, "खटुमडं." बरोबरच की! मग कुलूप. तेही "खटुमडं." तेव्हा मी जरा चरकले. डॉक्टरने लिहून टाकलं — निरर्थक शब्द.

निरर्थक? लसूण सोलायचं यंत्र, माझ्या नवऱ्याने, विपुलने, दुबईहून आणलेला मसाजचा पट्टा — आमच्या घरात चमत्कारिक वस्तू म्हणजे खटुमडंच. या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडून, म्हणजे आत्यांच्या, हाच शब्द सारखा ऐकला. डॉक्टरला सांगितलं तर नुसता हसला.

१४ जानेवारी

विपुल म्हणतो, डॉक्टरने असं लिहिलंय, तेव्हा मामांचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं आता बंद. गावातल्या अल्पेशची होडी खांदेरी बेटापाशी बंद पडली ती मामांनी नट सैल ठेवला म्हणून, असं त्याचं म्हणणं. मामा न जेवताच उठले. सारा जन्म इंजिनांत गेलेल्या माणसाला एका शब्दावरून घरी बसवायचं? मी चांगलीच भांडले. शब्द खरा आहे हे दाखवलं तर ऐकशील? म्हणाला, दाखव. त्याला स्वतःला या शब्दाचं काहीच सांगता येत नाही — लग्नापर्यंत दुबईतच होता!

१७ जानेवारी

शब्दकोशात खटपट आहे, खटारा आहे. खटुमडं नाही. कोश करणारे आमच्या थळला कशाला येतायत!

बंदरावर केसरमावशी म्हणाली, "तुमच्याच घरचा हाय तो." भागोजी तांडेल म्हणाला, पोर्तुगीज असेल, चावी आणि पगारासारखा. जीव भांड्यात पडला.

१८ जानेवारी

पोर्तुगीजही नाही. माझ्या धाकट्या बहिणीने, मृणालने, कॉलेजातल्या बाईंना विचारून कळवलं. विपुलने मामांच्या इंजिनांच्या शेडचं कुलूप बदललं. मामा बाहेर ओट्यावर बसून होते. बघवेना.

१९ जानेवारी

शेवटी आत्यांनाच विचारलं. त्या मासळी साफ करत होत्या. म्हणाल्या, तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मामांना पान्याचं नाव आठवेना. तोंडाला आलं ते बोलले — खटुमडं. शेडमधले गडी हसले, मामा पार कानकोंडे झाले.

"मंग मीच समद्या वस्तूंना खटुमडं म्हनाया लागले. त्यांचं चुकलं असं कोनाला वाटाया नको."