कॉम्प्रेसरचा गार तळ

१४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला म्हणून कान पकडतो. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीचा दात पडला, तो तिने माझ्या चष्म्याच्या डबीत जपून ठेवलाय. तुझी भावजय विचारते, ताई कधी येणार. मी विषय बदलतो.

शीतगृहात मला मुख्य मेकॅनिक केलं म्हणून तू कौतुकाने लिहिलंस. पुढे लिहिलंस की भाऊजी शाळेच्या फाटकावर राखणीला बसतात, त्यांच्यासाठी तुझ्याकडे काही काम बघ, पण यंत्राला हात लावू देऊ नकोस, त्यांची घाई नडते. ते वाचून मी पत्र खणात टाकलं आणि आठ दिवस तिकडे फिरकलो नाही.

ताई, घाई त्यांची नव्हती.

यंत्रातलं तुला काही कळत नाही असं तू नेहमी म्हणतेस, पण एवढं ऐक. यंत्र बंद राहिलं की गारवा करणारा गॅस तो दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये येऊन द्रव होतो आणि तळाच्या तेलात मुरतो. तो मुरू नये म्हणून तळाला हीटर असतो, तेल उबदार ठेवायला. हीटर बंद राहिला असेल तर तो लावून निदान अर्धा दिवस थांबायचं. तसंच चालू केलं तर द्रव सिलिंडरमध्ये शिरतो. गॅस दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. मग झडपा तुटतात.

भाऊजी इथे यंत्र चालवायचे आणि मी दुरुस्ती बघायचो, तेव्हा बटण दाबण्याआधी ते रोज तळाला तळहात लावून बघायचे. आम्ही चिडवायचो, "काय डॉक्टर, ताप आहे का?" ते म्हणायचे, "ताप आहे तोवर पेशंट ठणठणीत."

दोन वर्षांपूर्वी ते झालं तेव्हा यंत्र दोन दिवस दुरुस्तीला बंद होतं. फ्यूज सारखा उडत होता म्हणून मी हीटरची वायर काढली, आणि परत जोडायची विसरलो. सोमवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. "तळ गार लागतोय रे. संध्याकाळपर्यंत थांबू का?" मी दाढी करत होतो. वायर मला तेव्हाच आठवली. पण थांबायचं तर मालकांना कारण सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "काही होत नाही भाऊजी, करा चालू." त्यांनी परत विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "मी सांगतोय ना."

मी पोचलो तेव्हा यंत्र धडधडून बंद पडलेलं होतं. भाऊजी मालकांना बोलवायला गेले होते. मी सगळ्यात आधी काय केलं असेल? वायर जोडून टाकली.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गार यंत्र कुणाला विचारून चालू केलंत?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पान्याचं तेल पुसत होतो. ते म्हणाले, "कुणाला नाही. माझीच घाई झाली." बायकोच्या भावाची नोकरी वाचवायला त्यांनी स्वतःची घालवली, आणि मी मूग गिळून बसलो. दोन वर्षं. तू त्यांना उतावळे म्हणतेस तेही ते ऐकून घेतात, म्हणजे तुलाही त्यांनी सांगितलेलं नाही. मला स्वतःची लाज वाटते, ताई. मुख्य मेकॅनिक म्हणून कुणी हाक मारली तरी वाटते.

आज सकाळी मालकांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद वाचून घडी घातली. मग म्हणाले, "त्यांना परत बोलवा. तुमचं काय ते नंतर बघू." माझं व्हायचं ते होईल. भाऊजींना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी, तरी रविवारी येतोय. घरात घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

लहानपणापासून माझ्या चुकांवर तू पांघरूण घालत आलीस. या वेळी घालू नकोस. हे पत्र आधी भाऊजींना दे, आणि मग मुलांना जवळ बसवून मोठ्याने वाच. त्यांच्या वडिलांनी दोनदा विचारलं होतं, हे त्यांना माझ्या अक्षरातून कळू दे.

तुझा
धाकटा