पाटीची आतली बाजू

दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आ. वि. वि.

तू दुकानातून पाठवलेला चष्मा पोचला. आता इतकं स्वच्छ दिसतं की तुझ्या काकाने दाढी केली नाही हे मला स्वयंपाकघरातून कळतं. त्याला हा चष्मा मुळीच आवडलेला नाही.

खरं तर मोठी बातमी आधी लिहायची होती, चष्मा मध्येच आला. तर ऐक. काल जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मशीन लावून एकेका मेंढीचं पोट बघितलं. पोटात एक असेल तर पाठीवर एक निळा ठिपका, दोन असतील तर दोन. तुझी ठमी आली तेव्हा बाई जरा थांबल्या, पुन्हा बघितलं, आणि दोन ठिपके मारले! तू बाटलीने दूध पाजून वाढवलेली, खोक्यात झोपणारी ठमी, आणि तिला जुळी! मला इतका आनंद झाला की मी बाईंना दोनदा चहा दिला आणि काकाला द्यायचा विसरले. अजून सहा-सात आठवडे आहेत.

काळजी एकच. कुरणाच्या कडेने पायवाट जाते ना, तिच्यावर हल्ली नव्या वस्तीतले लोक कुत्री फिरवायला येतात आणि आपल्या फाटकापाशी आले की पट्टा सोडतात. कुत्र्याला मोकळं वाटतं म्हणे. मेंढीला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. बाई बजावून गेल्यात की गाभण मेंढी घाबरून पळाली तर पोटातलं जाऊ शकतं, आणि तेही लगेच नाही, चार-पाच दिवसांनी, कुत्रं घरी जाऊन गाढ झोपलेलं असताना. म्हणून मी एक पाटी केली आहे. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, पण चांगलं ऐसपैस लिहिलं, कुत्रा बांधून न्या. काका म्हणाला ओळ चढाला लागली आहे. लागू दे, कुरणही चढावरच आहे. उद्या टांगते.

वेळेवर जेवत जा. माझा लोभ आहेच, तू पत्रं लिहून तो वाढव.

तुझी आजी

दि. ८ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकानात इतकी जोरात हसले की गिऱ्हाईक दचकलं आणि त्याच्या नाकावरची फ्रेम खाली पडली. ठमीला जुळी! मार्चअखेरीला आठवडाभराची रजा टाकली आहे. बटणलाही घेऊन येते. तुला आठवतं ना, ठमी लहान असताना मी टाळी वाजवली की बटण भुंकत तिच्यामागे सुटायचा आणि ती फाटकाला वळसा घालून परत यायची? तीच शर्यत पुन्हा लावू, या वेळी पोरांसकट.

पायवाटेवरच्या कुत्र्यांची एवढी धास्ती घेऊ नकोस गं. शेपटी हलवणारं कुत्रं फक्त खेळत असतं. काकाला सांग, चष्मा परत घेतला जाणार नाही.

असाच जीव लावत राहा.

तुझी भिंगरी

दि. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आ. वि. वि.

आधीच सांगते, ठमी उभी आहे, थोडं खाते आहे. आता बाकीचं.

परवा दुपारी दातांच्या डॉक्टरांचं कुत्रं कुरणात शिरलं. हे डॉक्टर नव्या वस्तीतले. उंच, गोड बोलणारे. बोलताना सारखे माझ्या तोंडात बघतात, म्हणून मी त्यांच्याशी ओठ मिटूनच बोलते. कुत्रं पिवळं, वासराएवढं. सगळ्या मेंढ्या उधळल्या. ठमी मात्र पळाली नाही. ती मान वर करून चालत चालत कुत्र्याकडे गेली, ओळखीचं कोणी भेटायला आल्यासारखी. ते अंगावर आलं तेव्हा कुठे पळाली, आणि ते तिच्यामागे. पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत, मग परत, असं तीनदा. काकाने कुत्र्याचा गळपट्टा धरला तेव्हा ठमीच्या तोंडाला फेस आला होता.

डॉक्टर धापा टाकत आले आणि म्हणाले की तो चावत नाही हो, नुसता खेळतो. माझं डोकं सणकलं. लिहिलेलं वाचता येत नाही का, असं म्हणून मी त्यांना हाताला धरून पाटी दाखवायला नेलं. आणि काय सांगू तुला! पाटीचं तोंड आतल्या बाजूला! नव्या चष्म्यातून स्वयंपाकघरात बसून वाचता यावी म्हणून मी हौसेने ती तशी टांगली होती. दहा दिवस ती फक्त मेंढ्या वाचत होत्या. डॉक्टर सभ्यपणे गप्प राहिले. काका राहिला नाही.

भांडायचं सगळं बळच गेलं. पण खेळतो म्हणाले ते काही माझ्या डोक्यातून जाईना. मग मी पेंडीचं बारा किलोचं पोतं आणलं, दोरीने डॉक्टरांच्या पोटाला बांधलं आणि म्हटलं, आता टाकीपासून फाटकापर्यंत पळा, मी काठी घेऊन मागे येते, मारणार नाही, नुसती खेळणार. गरीब स्वभावाचा माणूस, खरंच पळाला. अर्ध्यावर मटकन बसला. मी म्हटलं, जुळ्यांचं ओझं साधारण एवढंच असतं, आणि तुम्हाला बसू तरी दिलं.

बाई येऊन तपासून गेल्या. दहा दिवस अजिबात हलवायचं नाही, घाबरवायचं नाही, मग बघू म्हणाल्या. मी दिवस मोजते आहे. पाटी फिरवली.

मनात असू दे आम्हाला.

आजी

दि. २० फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ठमी कुत्र्याकडे चालत का गेली ते मला ठाऊक आहे. मी शिकवलं तिला. दोन वर्षांपूर्वी रोज टाळ्या वाजवून, बटणला सोडून. बाकीच्या मेंढ्यांना जी भीती उपजत असते ती मी खेळ म्हणून तिच्यातून काढून टाकली. आणि वर तुलाच लिहिलं, की कुत्रं फक्त खेळतं.

बटणला आणणार नाही. त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवेन. मीही यावं की नाही ते तूच सांग. दुकानात आज दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले. दहा दिवस झाले की लगेच कळव, वाईट असलं तरी कळव.

तुझी भिंगरी

दि. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आ. वि. वि.

परवा दहा दिवस पुरे झाले. ठमीच्या पोटात हालचाल आहे, बाईंनी माझा हात धरून मलाही दाखवली. आधी हे वाचून डोळे पूस.

आपल्या काळतोंडी मेंढीचं पोटातलं मात्र गेलं. पाचव्या दिवशी सकाळी. ती तर कुत्र्याच्या तोंडीसुद्धा आली नव्हती, नुसती कळपाबरोबर पळाली होती. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. रागावले नाही, फक्त त्या मेलेल्या पिल्लावरची चादर बाजूला केली. त्यांनी टोपी काढली. मग विचारलं की खड्डा कुठे खणायचा, आणि स्वतः खणला. दुसऱ्या दिवसापासून पायवाटेच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टा लावायला सांगतात. कोणी कुरकुर केली तर पोत्याची गोष्ट सांगतात. परवा एका जाड्या गृहस्थाला तर पोतं आणून देऊ का असंही विचारलं म्हणे!

आता तुझं. तू टाळ्या वाजवायचीस तेव्हा मी खिडकीत बसून हसत होते, थांबवलं नाही. म्हणजे चूक दोघींची, अर्धी अर्धी वाटून घेऊ. तू ये. बटणलाही आण. त्याने बाहेर बांधून बसायचं आणि मेंढ्या समोर असताना जागचं हलायचं नाही, हे तू त्याला शिकव. ठमीला एक खेळ शिकवलास, आता त्याला दुसरा शिकव. घरात लपवून ठेवलेलं कुत्रं काय शिकणार?

आमची आठवण ठेव, पण चष्मे नीट दे.

आजी

दि. २३ मार्च

चि. भिंगरीस अनेक अनेक आ. वि. वि.

दोन! दोन्ही जिवंत! एक पांढरं, एकाला काळा कान. तू गाडीत बसायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून काकाला सायकलवर पिटाळते आहे.

काल भर दुपारी ठमी बसली. पहिलं सटकन आलं आणि उभं राहिलं. दुसरं आलं ते मऊ चिंधीसारखं. चोखेचना. काका चोळतोय, मी फुंकर घालतेय, ठमी चाटतेय, काही नाही. तेवढ्यात पायवाटेने डॉक्टर आले. आधी कुत्रं बाहेरच्या खांबाला बांधलं, दोनदा गाठ ओढून बघितली, मगच फाटक ओलांडलं. मांडी घालून बसले, त्या एवढ्याशा तोंडातला चिकटा बोटाने काढला, आणि बोट आत तसंच ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम म्हणाले की ओढतंय, बोट ओढतंय! तोंडात बघायची खोड शेवटी कामाला आली. मीही आनंदाने सगळं तोंड उघडून हसले त्यांच्यापुढे. बघू देत कुठले दात आहेत आणि कुठले नाहीत ते.

ते पिवळं कुत्रं सगळा वेळ खांबाशी बसून होतं. ठमी या वेळी त्याच्याकडे गेली नाही. पोरांच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली आणि पाय आपटला. शिकली हो तुझी लेक.

परवा येशील तेव्हा फाटकाशी जरा थांब. पाटीची बाहेरची बाजू डॉक्टरांनी सरळ ओळीत नव्याने रंगवून दिली आहे. आतली रिकामी राहिली होती. मेंढ्यांना वाचायची सवय मीच लावली, तेव्हा ती बाजू मी लिहिली, ओळ पुन्हा चढाला लागली आहे. लिहिलंय, तुम्ही चरा, बाहेरचं मी बघते.

बटणचा पट्टा हातात धरून ये. लोभ आता दोघा नव्यांवरही करायचा आहे.

तुझी आजी