गुणीबाळ

ता. १८ जून

चि. ठमे,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून. चोवीस वर्षं बालवाडीतल्या वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसल्यावर ते तरी किती साथ देणार!

तुझी आई म्हणते, मुलांची नाकं पुसायला कसला आलाय दोन वर्षांचा कोर्स? तिला म्हणावं, नाक पुसता पुसता पोर नुसतं कुरकुरतंय की आजारी आहे, हे ओळखायला शिकावंच लागतं. तू कोर्स कर. "दिवसभर खेळायचं, मज्जा आहे बाई तुमची," असं लोक म्हणतील. म्हणू देत.

पण तू विचारलंस, "मावशी, एवढी वर्षं केलंस, समाधान मिळालं ना?" गेल्या दोन पत्रांत मी त्याला बगल दिली. आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक तीन वर्षांचा मुलगा आला. रडणं नाही, दंगा नाही, बोलणंही जवळजवळ नाही. आम्ही सगळ्या त्याला गुणीबाळच म्हणायचो. एकदा माझ्या हातून ठोकळ्यांचा पत्र्याचा डबा त्याच्या पाठीमागे पडला. सगळी पोरं दचकली. हा आपला मनोरा रचतोय. मग इतरांचे चेहरे बघून तोही दचकला. आठवडाभर मी मागून टाळ्या वाजवून पाहिल्या. दर वेळी तेच.

मुख्य बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर आहात का? काही मुलं उशिरा बोलतात. पालकांना घाबरवू नका, प्रवेशाचे दिवस आहेत."

मी मूग गिळून बसले. बाईंचा धाक होता, असं मी स्वतःलाच सांगत आले. खरं सांगू? एकवीस वर्षं हंगामी काढल्यावर मला नोकरीत कायम करण्याचा कागद तेव्हा त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

सही झाली. तो पुढे दीड वर्ष माझ्याच वर्गात होता. शेवटी घरच्यांनी तापासाठी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांना त्याच्या कानांची शंका आली. त्याची आई मला विचारायला आली, "ताई, तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

"नाही हो," मी म्हटलं, "इतका शांत होता."

उलट तीच माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही तरी किती जणांकडे बघणार!"

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. पोरगा कानाला मशीन लावून जमिनीवर चित्र रंगवत होता. आता बोलतो, पण आईशिवाय कुणाला कळत नाही. तिने त्याला आत पाठवलं.

"तेव्हा बोलला असतात तर तुमचे पाय धरले असते. आज कशाला आलात? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?"

मी उठले. निघताना दार मीच ओढून घेतलं.

प्रवेशासाठी तू माझं शिफारसपत्र मागितलं आहेस. ते दुसऱ्या कुणाकडून घे. हे पत्र मात्र आईला दाखवलंस तरी चालेल.

खाली आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मावशी