पाव किलोचा शिक्रा, सहा किलोचं गिधाड

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पक्ष्यांच्या दवाखान्यातला शिक्रा पोचला. धान्याच्या गोदामात कबुतरांनी उच्छाद मांडलाय, महिनाभरात ती हटली नाहीत तर मला घरी बसवणार, हे मोठ्या साहेबांचं बोलणं तुला कळवलं होतंच. शिक्र्याने पहिल्याच झेपेत वीसेक कबुतरं पळवली. पण साहेबांनी त्याला तराजूत बसवलं. पाव किलोही भरेना. एवढ्याशा चिमणीवर गोदाम सोपवायचं का, म्हणाले. त्यांना तुझं ते सहा किलोचं गिधाड हवंय. मी सांगून पाहिलं, की शिक्रा शिकार करतो, गिधाड नुसतं वाट बघतं. ते म्हणाले, शेवटी वजनालाच मान असतो. ते स्वतः एकशे दहा किलोचे, त्यामुळे मला पुढे बोलवेना.

भाचरांना पापे. लोभ पाठव, आणि गिधाडही.

तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परत आलेला शिक्रा भिंतीकडे तोंड करून बसलाय. गिधाड पाठवतेय. पंख बरा होत आलाय, महिनाभराने त्याला सोडायचंय. ते जिवंत कशाच्याही वाटेला जात नाही, हे साहेबांच्या कानावर घाल. नोकरी गेलीच तर इकडे ये, पिंजरे धुवायला माणूस हवाच आहे.

वेळेवर जेव. रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कबुतरं गिधाडाच्या पाठीवर बसायला लागली, तेव्हा मी सामान बांधायला घेतलं होतं. पण साहेब दुपारी जेवून खुर्चीतच डुलकी काढतात. ते घोरू लागले की गिधाड टुणटुण उड्या मारत येतं आणि मान वाकडी करून समोर उभं राहतं. घोरणं थांबलं की एक पाऊल पुढे. साहेबांनी धसक्याने झोपच सोडली. आता दुपारभर गोदामात येरझाऱ्या घालतात. त्यातच एकदा त्यांनी वर पाहिलं, तर छताखालच्या झडपा फुटलेल्या. दोन दिवसांत जाळ्या बसल्या, कबुतरं गेली, माझी नोकरी राहिली. साहेब सगळ्यांना सांगतात, बघा, वजनाचा प्रभाव.

शिक्र्याला यातलं काही सांगू नकोस.

तुझा धाकटा

७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल गिधाडाला सोडलं. साहेब त्याला घेऊन स्वतः आले होते. टेकडी चढताना चारदा बसले. गिधाड उडालं, पार ठिपका झालं, तरी हे उभेच. दम लागला का विचारलं, तर रुमालाने डोळे पुसत म्हणाले, की आजवर आपली इतकी मन लावून वाट कुणी पाहिली नव्हती.

त्यांना एकदा घरी जेवायला बोलाव. उशीर झाला तरी थांब.

तुझी ताई